एकांताचा पैरा

वयाच्या पासष्टाव्या वर्षी मी पहिल्यांदा समुद्र पाहिला, आणि तो एकट्यानं पाहिला. गावात हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "तिकडं कोण हाय तुमचं, तात्या?"

आमच्या मंगळवेढा भागात माणूस कारणाशिवाय गाव सोडत नाही. देव, दवाखाना, कोर्ट, लग्न आणि मयत ही आमची पाच कारणं. पंढरपूर जवळ, म्हणून वारी चुकत नाही. पण वारीत माणूस एकटा नसतो. पुढं दिंडी, मागं दिंडी, खांद्याला खांदा. एस.टी.च्या खिडकीशी बसावं, ओळखीचं कुणी नाही अशा गावी उतरावं, दोन दिवस कुणाशी न बोलता बसावं आणि परत यावं, याला आमच्याकडं शब्दच नाही. असलाच तर 'डोकं फिरलंय' हा आहे.

माझं डोकं खरंच फिरायला आलं होतं. दोन एकर डाळिंब तेल्यानं गेलं. ज्यांच्याकडं बाग नाही त्यांना सांगतो, तेल्या म्हणजे जिवाणूचा रोग. पानाफळावर तेलकट ठिपका पडतो, पुढं फळ तडकतं. पावसाच्या थेंबांबरोबर, वाऱ्याबरोबर, छाटणीच्या कात्रीबरोबर तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातो. मी तीन वर्षं फवारण्या केल्या. शेवटी जेसीबी लावून बाग काढली. झाडं एका दिवसात निघाली, सोसायटीचं कर्ज तसंच राहिलं. त्यानंतर मला झोप येईना. रात्री दोन वाजता उठून मोकळ्या रानाकडं बघत बसायचो. बायको उठून म्हणायची, "आवो, पडा की जरा." मी तिच्यावर खेकसायचो.

त्याच वर्षी मला पासष्ट पूर्ण झाली आणि एस.टी.चं अर्धं तिकीट लागू झालं. घराजवळून रत्नागिरी-नागपूर महामार्ग जातो. रोज त्या रस्त्याच्या पाटीवर 'रत्नागिरी' वाचत होतो. डिसेंबर 2023 मधल्या एका सकाळी बायकोला म्हणालो, "मी चार दिवस रत्नागिरीला जाऊन येतो."

तिनं दळण चाळायचं थांबवलं. "कोण हाय तिथं?"

"कोण नाही. समुद्र बघतो आणि येतो."

ती माझ्याकडं बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, नाही म्हणणार. पण तिनं सहा भाकरी, शेंगाचटणी बांधून दिली आणि एवढंच म्हणाली, "फोन चालू ठेवा." त्या तीन शब्दांचा अर्थ मला पुढं आठ दिवसांनी कळला.

सांगोला, मिरज, कोल्हापूर. तिथून पुढं आंबा घाट. घाट उतरताना माती लाल झाली, झाडी दाट झाली, हवा ओली लागायला लागली. आमच्याकडं वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस झाला तर बरं वर्ष म्हणतात. रत्नागिरीला तीन हजारांच्या वर पडतो. एकाच रस्त्यावरची ही दोन गावं. एकानं आभाळाकडं बघत जन्म काढायचा आणि एकानं छप्पर सांभाळत.

एस.टी. स्टँडजवळ स्वस्तातली खोली घेतली. संध्याकाळी चालत चालत काजळी नदीचा पूल ओलांडून भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो. तिथं सुरूचं बन आहे. त्या झाडांच्या बुंध्याशी टेकून बसलो.

शांती शांती म्हणतात ती काय असते, ते मला तिथं काही वेळ कळलं. ती कशामुळं आली याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. समुद्र सुंदर होता म्हणून नव्हे. सुंदर तर पोटऱ्यात आलेली ज्वारीही असते. पण ज्वारीकडं बघताना मी मनात पोती मोजत असतो. ढगाकडं बघताना पेरणी मोजतो. विहिरीत वाकून बघताना किती तास मोटर चालंल ते मोजतो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर एवढं पाणी होतं आणि ते कुठं वळवायचं हा विचार मनात आला नाही. खारं पाणी, एका वाफ्याच्या उपयोगाचं नाही. त्याचं काही माझ्याकडं येणं नव्हतं, माझं काही त्याच्याकडं देणं नव्हतं. लाट येत होती, जात होती. ती मी आणली नव्हती आणि ती थांबवणं माझ्या अंगावर नव्हतं.

लोक म्हणतील, शेतकरी तर रोजच एकटा असतो, त्याला एकांताची काय नवाई? मलाही तसंच वाटायचं. लहानपणी ज्वारी हुरड्यात आली की मी माळ्यावर गोफण घेऊन दिवसभर एकटा पाखरं हाकायचो. मोठेपणी रात्र रात्र दारं धरली. पण रानात माणूस एकटा असला तरी त्याला एकांत नसतो. बांध बोलतो, विहीर बोलते, कर्जाची नोटीस बोलते. एकटेपणात माणसं नसतात, एकांतात हिशेब नसतो. मला वाटतं, फरक एवढाच आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी फोन बंद केला. त्याआधी खतवाल्याचा फोन आला होता, मग सोसायटीतल्या कुणाचा. मी म्हटलं, दोनच दिवस आलोय, तेवढे तरी माझे असू द्या. बटण दाबून ठेवलं, पडदा काळा झाला, आणि खरं सांगतो, बरं वाटलं. त्या रात्री मी सात तास झोपलो. कित्येक महिन्यांत झोपलो नव्हतो तसा.

तिसऱ्या दिवशी पहाटे मिरकरवाड्याच्या बंदरावर गेलो. होड्या लागत होत्या, टोपल्या उतरत होत्या, बायका मासळी निवडत होत्या. माझ्या गळ्यात माळ, मासळीचं मला काही नाही. मी नुसता बघत उभा होतो. माझ्याच वयाची एक बाई माळेकडं आणि धोतराकडं बघून म्हणाली, "कुठले तुम्ही?" सांगितलं. कशाला आलात, तर म्हणालो, शांततेसाठी. ती हसली. म्हणाली, "होडी आली नाही तर आम्हाला रात्रभर झोप नसते. ह्या समुद्रात कसली शांतता?" आणि मग हातातलं काम न थांबवता विचारलं, "शेतावर कोण आहे आता?"

"घरची आहे."

"मग बरं आहे तुमचं," ती म्हणाली आणि पुढची टोपली ओढली.

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. पण मी तिथून निघालो तो जरा घाईनंच. समुद्र मला शांत वाटला, कारण तो माझं रान नव्हता. तिचं ते रान होतं. माझ्या रानाकडं बघून एखाद्या कोकणातल्या माणसाला असंच वाटेल, काय मोकळं, काय शांत! तेव्हा त्या रानात कुणीतरी वाकून काम करत असणारच.

दुपारच्या गाडीत बसल्यावर फोन चालू केला. पुतण्याचे अकरा फोन येऊन गेलेले. लावला तर म्हणाला, "काय न्हाय तात्या, सहज. कधी येताय?"

घरी पोचलो तेव्हा बायकोच्या उजव्या मनगटाला आंबेहळद लावून फडकं बांधलेलं होतं. "काय झालं?" "काय न्हाय, मुरगळलंय." ती डाव्या हातानं भाकरी थापत होती. डाव्या हाताची भाकरी गोल होत नाही. मी ती वेडीवाकडी भाकरी खात तिला समुद्र किती मोठा असतो ते सांगत होतो. ती हूं हूं करत होती.

खरं काय ते आठ दिवसांनी पुतण्यानं सांगितलं. त्या आठवड्यात शेतीपंपाची लाईट रात्रीची होती. गव्हाला पाणी द्यायचं होतं. ते मला ठाऊक होतं आणि मी तसाच गेलो होतो. मनात म्हटलं होतं, आल्यावर बघू. ती बॅटरी घेऊन रात्री साडेबाराला एकटी दारं धरायला गेली, पाटात पाय घसरून हातावर पडली. पडल्यावर तिनं मला फोन लावला. बंद. तासाभरानं परत लावला. बंद. मग ती पुतण्याच्या दारात गेली आणि हाताचं काही न सांगता म्हणाली, "त्यांचा फोन लागंना."

आमच्या भागात हे वाक्य कसं ऐकलं जातं ते इथल्यालाच कळंल. पिकानं आणि कर्जानं खचलेला माणूस एकटा मळ्याकडं निघाला की घरातली बाई काही न बोलता मागनं पोरगं पाठवते. सोबतीला नव्हे, नजर ठेवायला. मी तर बाग काढलेल्या वर्षी, झोप नसलेल्या महिन्यात, कारण न सांगता पाण्याच्या गावाला एकटा गेलो होतो आणि फोन बंद केला होता. मी सात तास झोपलो ती रात्र त्या बाईनं उंबऱ्यावर बसून काढली. घरात माझी पंच्याऐंशी वर्षांची आई. तिला कळू नये म्हणून ही रडलीसुद्धा नाही.

हे ऐकल्यापासून एक प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. मला मिळालेली शांती खोटी होती का?

मी मनाशी दोन्ही बाजूंनी भांडलो. एक बाजू म्हणते, खोटी. स्वतःचं ओझं बायकोच्या डोक्यावर देऊन मान मोकळी करून घेतलीस आणि त्याला शांती म्हणतोस! दुसरी बाजू म्हणते, तसं नाही. तू परत आल्यापासून तिच्यावर खेकसलेला नाहीस. रात्री झोपतोस. जे पाणी कधी आटणार नाही असं वाटत होतं, ते तुझ्या डोक्यातून निचरून गेलं. न जाता घरीच कुढत बसला असतास तर तिला आणखी वाईट दिवस बघावे लागले असते. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात, आणि पंचाईत तीच आहे.

पुढच्या उन्हाळ्यात थोरल्या मुलाकडं चाकणला गेलो. तो तिथं कंपनीत आहे. एका पहाटे सुनेला सांगून, फोन चालू ठेवून, भंडारा डोंगरावर गेलो. तुकोबा एकांतासाठी जिथं जाऊन बसत त्या डोंगरांपैकी हा एक. वरपर्यंत गाडी जाते, पण मी पायी चढलो. डोंगरात जुनी कोरीव लेणी आहेत. वरून खाली इंद्रायणी दिसते, देहू दिसतं, आणि आता चहूबाजूंनी कारखान्यांचे पत्रेही दिसतात. गर्दी व्हायच्या आधी मला तासभर निवांत मिळाला.

पण तिथं माझ्या डोक्यात तुकोबांपेक्षा जिजाईच जास्त आली. आपल्याला लहानपणापासून सांगतात की ती कजाग होती, आवली होती, तोंडाळ होती. आणि त्याच तोंडानं सांगतात की ती भाकरी घेऊन डोंगर चढायची आणि तुकोबांना शोधायची. उन्हात, काट्याकुट्यांतून. तिच्या पायात काटा मोडला आणि तो खुद्द पांडुरंगानं काढला, अशी कथा आहे. मी वारकरी माणूस, कथेवर माझी श्रद्धा आहे. पण चढण चढून धाप लागल्यावर मला पहिल्यांदा त्या भाकरीचं वजन कळलं. घरात पोरं, दुकान बुडालेलं, 1630 च्या दुष्काळात थोरली सवत आणि तिचं लेकरू गेलेलं, आणि ही बाई रोज पीठ कुठून आणत असेल? तुकोबांना दोष द्यायची माझी लायकी नाही. त्यांनी डोंगरावर जे मिळवलं ते पुढं सगळ्या जगाला वाटलं, जिजाईच्या भाकरीचं कधीच फिटलं. पण मी? मी समुद्रावर सात तास झोपलो, एवढंच.

आणखी एक गोष्ट आठवली. सांगतात की तुकोबा भामगिरीवर एकांतात होते तेव्हा धाकटे बंधू कान्होबा त्यांना शोधत गेले. दोघं इंद्रायणीकाठी आले. घरची सावकारी होती, लोकांकडून येणं असलेल्या रकमांची खतं होती. तुकोबांनी ती मागवून घेतली, निम्मी कान्होबांना दिली आणि आपल्या वाट्याची निम्मी इंद्रायणीत सोडली. ही गोष्ट कीर्तनात मी किती वेळा ऐकली असेल, पण आम्ही टाळ्या वाजवतो त्या बुडवलेल्या खतांना. त्या दिवशी मला न बुडवलेली खतं दिसली. स्वतः मोकळं होताना तुकोबांनी भावाच्या वाट्याला हात लावला नाही. मोकळं व्हायचा हक्क आपल्या निम्म्यावर. मी फोन बंद केला तेव्हा माझ्या निम्म्याबरोबर तिचंही निम्मं बुडवलं होतं.

डोंगर उतरताना मला आमच्या शेतीतला शब्द सापडला. पैरा. शहरातल्या वाचकांना सांगायला हवं, पैरा म्हणजे माझ्या पेरणीला तुमची माणसं आणि बैल, तुमच्या पेरणीला माझी. पैसा नाही, कागद नाही, पण हिशेब पक्का. दोन दिवस घेतले तर दोन दिवस फेडायचे. जो पैरा घेतो आणि फेडत नाही, त्याच्या बांधावर पुढच्या वर्षी कुणी फिरकत नाही. एकांत फुकट मिळत नाही आणि विकतही मिळत नाही. तो पैऱ्यानं मिळतो. मी समुद्रावर बसलो तेव्हा माझ्या वाटचं दारं कुणीतरी धरलं. ते घेणं पाप नव्हे. घेतलंच नाही असं समजणं, ते पाप.

घरी आल्यावर बायकोला म्हणालो, "आता तू जाऊन ये. बायकांना अर्धं तिकीट हाय. म्हशीचं, पाण्याचं मी बघतो."

ती हसली. "मी एकटी? कुठं?"

"समुद्राला. नाहीतर कुठंबी."

"मला न्हाय जायचं कुठं." आणि जरा वेळानं, भांडी घासता घासता, माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुम्हीच जावा की सगळी दोन दिवस. मी राहते घरी."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि लाज वाटली. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली. या घरात ती एकटी अशी एक दिवससुद्धा राहिलेली नाही. आधी सासरा-दीर, मग पोरं, मग आजारी माणसं, आता आई. माझा एकांत घरापासून तीन जिल्हे पलीकडं होता. तिचा घरातच होता, फक्त आम्ही त्यात बसून होतो.

पुढच्या जानेवारीत, सोलापूरच्या गड्ड्याच्या वेळी मी ते जमवलं. आईला पंचाहत्तरीवरचं फुकट तिकीट. तिला एस.टी.नं बहिणीकडं सोलापूरला नेलं. नंदीध्वजांची मिरवणूक बघू, असं तिला सांगितलं. तिला दिसतं थोडं, पण हलग्यांचा आवाज ऐकून तिनं हात जोडले. म्हशीच्या धारा पुतण्यानं काढल्या. आमची म्हैस पंढरपुरी, शिंगं पाठीवर टेकतील एवढी लांब आणि स्वभाव आखडू. पहिल्या सकाळी तिनं त्याला बादलीसकट लाथाडलं, असं नंतर कळलं. चुलीला, पाण्याला, कशालाच हात लावायचा नाही, असं मी तिला बजावून गेलो होतो. मग लक्षात आलं की बजावणं हीसुद्धा एक कटकटच, आणि गप्प बसलो. दोन दिवसांत एकदाही फोन केला नाही. फार अवघड गेलं. कुणी आपल्याशिवाय शांत बसलंय हे सोसणं किती अवघड असतं, ते मला त्या दोन दिवसांत कळलं. संध्याकाळी शोभेचं दारूकाम बघताना माझं अर्धं लक्ष खिशातल्या फोनकडं होतं. तिच्या त्या रात्रीपुढं हे काहीच नव्हे, तरी चव लागली.

तिसऱ्या दिवशी परत आलो. ती ओसरीवर बसली होती. अंगण झाडलेलं नव्हतं. चूल थंड होती. ताटलीत शेंगा फोडून टरफलं तशीच पडली होती.

"काय केलंस दोन दिवस?"

"काय न्हाय."

"तरीपण?"

"काय न्हाय म्हणलं की."

तिच्या तोंडावर जे होतं त्याचं वर्णन मी करणार नाही. ते तिचं आहे. मी चहा ठेवायला उठलो, साखरेचा डबा सापडेना, तो कुठं आहे ते तिनं बसल्या जागेवरून सांगितलं.

त्याच आठवड्यात पुतण्याच्या हरभऱ्याला रात्रीचं पाणी होतं. मी दोन रात्री त्याचं दारं धरलं. तो नको नको म्हणत होता. मी म्हटलं, तुझा पैरा आहे माझ्याकडं, तू झोप. थंडी होती. पाण्याचा आवाज पाटातून येत होता, आभाळ चांदण्यांनी भरलेलं होतं, आणि रान माझं नव्हतं. भाट्याच्या किनाऱ्यावर बसलो होतो तसंच काहीसं वाटलं, फक्त इथं हातात खोरं होतं.

या वर्षी मार्गशीर्षात ती समुद्र बघायला जायचं म्हणतेय. एकटी की बहिणीबरोबर, ते अजून ठरलेलं नाही. ते तिनं ठरवावं. फोन चालू ठेव, असं मी तिला म्हणणार नाही. पोचल्यावर एक कर, एवढंच सांगणार आहे. तेवढं सांगायचा हक्क मला वाटतं राहतो, कारण घरी उंबऱ्यावर त्या रात्री मी असेन.